महिनाभराचा एकांत

साथीचे दिवस होते. लेकीला भेटायला परमुलखात आलेल्या आवडाबाईंना बंदराच्या दरोग्याने धक्क्यावरच अडवलं. मिशीला पीळ देत तो म्हणाला, "म्हातारे, आधी महिनाभर त्या बेटावर एकटीनं राहायचं. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. नियम म्हणजे नियम!"

धक्क्यावर बांधलेल्या दोरापलीकडे लेक डोळे पुसत उभी होती.

आवडाबाई म्हणाल्या, "दरोगासाहेब, धनी गेल्यापासून सात वर्षं मी तशीच राहते आहे. जहाजावरसुद्धा माझ्याजवळ कुणी बसलं नाही, विचारा खलाशांच्या या तांडेलाला. त्यातला तुमचा महिना कापून घ्या आणि उरलेली वर्षं मला परत द्या."

तांडेलाने मान खाली घातली. दरोग्याने दोर वर उचलून धरला.