दाजीकाकांची पंचाईत

बार्शीच्या रेवतीला दोन मुलगे, सहा वर्षांचा मल्हार आणि चार वर्षांचा ईशान. छताचा पंखा सोडला, तर घरातलं काहीच त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं.

तिचे चुलतसासरे दाजीकाका म्हणजे घराण्याचं सुप्रीम कोर्ट. एका रविवारी ते येऊन सोफ्यावर टेकले न टेकले, तोच मल्हार त्यांच्या खांद्यावर चढला आणि ईशानने मांडीवर उभं राहून त्यांची मिशी धरली.

"ही पोरं आहेत की माकडं?" दाजीकाका गरजले. "जूनपासून दोघंही वसतिगृहात! घरातला वडीलधारा म्हणून सांगतोय!"

नवऱ्याने मान खाली घातली. रेवतीची जीभ मात्र शाबूत होती.

"माकडंच आहेत, काका," ती अदबीने म्हणाली. "पण परक्याच्या अंगावर कधी चढत नाहीत हो. आपल्यातला दिसला तरच चढतात."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. दाजीकाका मात्र कात्रीत सापडले. आपल्यातला म्हणवून घ्यावं तर माकड ठरणार, आणि परका म्हणवून घ्यावं तर या घरच्या मुलांचा निवाडा करणारे ते कोण?

शेवटी मिशी सोडवून घेत ते पुटपुटले, "चहा टाक, सूनबाई."

वसतिगृहाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.