एकवीस पुड्या आणि कणकेचा गोळा

"पण बाबा, जपाचं अनुष्ठान एकवीस दिवसांत होतं, मग पुड्यांचं का नाही होणार?"

मठाच्या ओसरीवर मार्तंडने छाती पुढे काढून विचारलं. पखवाज वाजवावा तर मार्तंडनेच, असं पंचक्रोशीत सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांच्या आधी मार्तंड म्हणायचा.

उत्सव दीड महिन्यावर आला आणि पठ्ठ्याचे खांदे दुखायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व फार कमी. आठवड्याला एकच पुडी, आठ आठवडे, असं त्यांनी बजावून सांगितलं. आठ आठवडे? तोवर उत्सव उरकलेला! म्हणून स्वारीने रोज एक घेतली. संपल्या तशा दुकानातून आणखी आणल्या.

"किती झाल्या?" अवधूतबाबांनी विचारलं.

"एकवीस. एका दिवसाचा खाडा नाही!"

"आणि हा तांब्या सारखा कशाला जवळ?"

"तहान फार लागते हल्ली... जेवण बघितलं की मळमळतं. अनुष्ठानात व्हायचंच एवढं."

बाबा तडक उठले. आत गेले, परातीतून नारळाएवढा कणकेचा गोळा उचलून आणला आणि थापला की पखवाजाच्या डाव्या तोंडावर!

"अहो बाबा! काय करताय हे?"

"का रे? तूही लावतोसच की. कणकेशिवाय तो घुमत नाही ना?"

"लावतो, पण थोडी थोडी, आवाज ऐकत ऐकत!"

"जास्त लावली, जास्त घुमेल. वाजव."

मार्तंडने थाप मारली.

भद्द!

...

त्याने पखवाजाकडे बघितलं, मग तांब्याकडे.

"बाबा... माझं आता काय?"

"ऊठ. डॉक्टरांकडे. आत्ता!"

रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. पुड्या बंद, चार दिवस सलाईन, वर डॉक्टरांची खरमरीत बोलणी. वेळेत आलात म्हणून निभावलं, म्हणाले; आता पुन्हा तपासून मी सांगेपर्यंत एक कणही घ्यायचा नाही.

उत्सवाच्या सकाळी मार्तंड वाटीभर शिरा चापून पखवाजापुढे बसला. खांदे जरा कुरकुरत होते, पण जीव कसा हरखून गेला होता! त्याने बोटांवर चिमूटभर कणीक घेतली, लावली, आणि थांबला.

"बाबा, एवढी पुरे का?"

बाबा मिशीत हसले.

"मला रे काय विचारतोस? वाजवून बघ, मग लाव."