कोळथ्याच्या खिंडीतले अकरा दगड

पाव्हणे, खिंड चढून आलात, दम घ्या. मात्र एका दगडावर एकानेच बसायचं. हे अकरा दगड बघा, दोहोंमध्ये भाला आडवा मावेल एवढं अंतर आहे. ते भिवराबाईने मांडले, असे सांगतात.

भिवराचा नवरा रखमाजी खिंडीचा राखणदार होता. घाटाखाली मरीची साथ आली तेव्हा बाहेरून येणाऱ्याला बारा दिवस खिंडीत थांबवायचं, असं गावाने ठरवलं. पण हैबतराव देशमुख मुलाचं वऱ्हाड घेऊन परतले आणि थांबेनात. रखमाजी आडवा झाला. "सरकार, बाराच दिवस," तो म्हणाला. देशमुखांनी चाबूक उगारला आणि वाजतगाजत वऱ्हाड गावात नेलं. पंधरवड्यात निम्मी घरं बंद पडली. भिवराच्या घरातून रखमाजी गेला, दोन मुली गेल्या. देशमुखांच्या वाड्यात मात्र नुसती शिंक आली म्हणे.

नऊ वर्षांनी मरी पुन्हा घाटाखाली आली. खिंडीत बसायला कुणी तयार होईना. भिवरा म्हणाली, "मी बसते. पण मी नाही म्हणेन तिथे कुणी हो म्हणायचं नाही." पंचांनी भंडारा उचलून शब्द दिला. देशमुख तेव्हा जमिनीच्या वादासाठी परगावी होते, हे पंचांच्या ध्यानात आलं नाही. भिवराच्या आलं होतं.

आठवड्याभराने देशमुख एकटेच घोड्यावरून आले. भिवराने दगड दाखवला. "एकाची वस्तू दुसऱ्याने घ्यायची नाही. घेतली की दिवस पुन्हा पहिल्यापासून."

"भिवरे, कुणाला सांगतेस?"

ती बाजूला सरली. मागे गोफणी घेऊन गावची पोरं उभी होती आणि त्यांत देशमुखांचा लेकही होता. त्याने मान खाली घातली, पण गोफण खाली घेतली नाही. देशमुख दगडावर बसले.

भिवरा रोज मधल्या शिळेवर भाकरी आणि पाण्याचं मडकं ठेवायची आणि मागे सरायची. ती दूर गेली की देशमुख उठून घ्यायचे. तिला त्यांच्या तोंडात भाकरी जाताना बघवत नसे, तरी बघायची. ताप यावा म्हणून ती रोज देवाला सांगे. ताप काही आला नाही. अकरा दिवस गेले. देशमुख धडधाकट होते, उद्या सुटणार होते, आणि भिवराचा जीव आतल्या आत जळत होता.

बाराव्या दिवशी दुपारी लिंगाप्पा नावाचा घोंगडीवाला वर आला. शेवटच्या दगडावर बसला. व्यापारी माणूस, गप्प बसणं त्याला कुठलं जमायला? तासाभरात देशमुखांशी ओळख निघाली आणि त्याने चिलीम पेटवली. देशमुखांना बारा दिवसांत तंबाखू नव्हती. ते उठले.

भिवराने पाहिलं. एक हाक पुरली असती. तिने मडकं खाली ठेवलं आणि पदर सावरून बसून राहिली. देशमुखांनी डोळे मिटून झुरका घेतला.

सकाळी ते पागोटं बांधून उभे राहिले. "बारा झाले. वाट सोड."

"आज पहिला."

देशमुखांना उमगायला थोडा वेळ लागला. "चिलीम ओढताना बघत होतीस?"

"बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"रखमाजी बोलला होता, सरकार."

तिसऱ्या दिवशी लिंगाप्पाला काखेत गाठ आली. सहाव्या दिवशी देशमुखांना ताप भरला. लेक खिंडीच्या अलीकडे उभा राहून रडला, पण भिवराने त्यालाही बापाजवळ जाऊ दिलं नाही. ती पाणी मात्र शेवटपर्यंत ठेवत राहिली. दोघे तिथेच गेले. त्या साली गावात एकही चूल विझली नाही.

पंच लुगडं-चोळी घेऊन आले. भिवराने हात लावला नाही. "मी गाव राखायला बसले नव्हते," ती म्हणाली आणि काठी घेऊन उतारावर निघून गेली. पुढे ती कुणाला दिसली नाही म्हणे.

आजही चैत्रातल्या जत्रेला येणारा प्रत्येक जण आधी या दगडांवर एकटा बसतो, आपली भाकरी आपण खातो. गावातली एक विधवा बाई राखणीला असते. कुणी चुकून शेजाऱ्याकडे हात केला की ती म्हणते, "हात आवर, बाबा." सगळ्यांना म्हणते. देशमुखांच्या घरचा माणूस बसला असेल तर मात्र ती काही बोलत नाही. तो आपण होऊनच दोन्ही हात मांडीखाली घालून बसतो.