विटोमिरच्या चर्चला दार का नाही

डोकं सांभाळा, चौकट ठेंगणी आहे. दगडात बिजागऱ्यांच्या खाचा दिसतात ना? पण दार नाही. थंडीत बर्फ थेट वेदीपर्यंत येतं. बाहेरून येणारे पाद्री दर वेळी सांगतात, दार बसवून घ्या. आम्ही बसवत नाही.

हे चर्च सरदार विटोमिरने बांधलं असं सांगतात. सर्बियातल्या या डोंगराळ मुलखाचा तो धनी. आज आम्ही त्याला संत मानतो, पण माणूस तापट होता म्हणे. ओकचं जाड दार नुकतंच बसलं होतं, तेवढ्यात तुर्की सुलतानाची फौज घाटापलीकडे आल्याची खबर आली. विटोमिर तापाने अंथरुणाला खिळलेला. म्हणून त्याचा धाकटा भाऊ ओब्राद गावची माणसं घेऊन गेला. एकही परतला नाही.

हे कळताच विटोमिर तसाच उठला आणि दार उचकटायला लागला. सुतार आडवा आला.

"धनी, उद्या बिशप येणार! त्यांना काय उघडी चौकट दाखवू?"

"माझा भाऊ तिकडे उघड्यावर पडलाय. धर दुसरं टोक."

घाटापलीकडे ओब्राद सापडला. दारावर घालून त्याला गावात आणलं. खणलेल्या कबरीपाशी स्ताना नावाची धनगरीण उभी होती. तिचा मुलगा राइको ओब्रादबरोबर गेला होता. ती म्हणाली, "तुझा आला. माझा?"

धन्याला असं कुणी बोलत नसे. शिपाई पुढे सरसावले, विटोमिरने त्यांना मागे सारलं. भावाला दारावरून उतरवलं, त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि रिकामं दार पुन्हा उचललं. "शेवटचा माणूस घरी येईल तेव्हाच हे बसेल," तो म्हणाला.

"म्हणजे बसलंच म्हणायचं!" सुतार पुटपुटला.

"कुरकुर चालता चालता कर."

बर्फ पडेपर्यंत दोघे जात-येत राहिले. एकेक करून सगळे घरी आले. राइको तेवढा सापडला नाही. पुढे दर वर्षी बर्फ वितळलं की विटोमिर घाट चढायचा. म्हातारपणी तिथेच तो कोसळला, आणि गावाने त्यालाही त्याच दारावरून आणलं. तेव्हा दार पिसासारखं हलकं झालं होतं म्हणे. ते मला माहीत नाही. मी उचललंय, जडच आहे.

दफन झाल्यावर लोक दार बसवू लागले. थकलेली स्ताना चौकटीत बसली आणि उठेना. म्हणाली, "माझा अजून बाहेर आहे."

आजही चौकट उघडीच आहे. गावचं कुणी बाहेर मेलं तर त्याच दारावरून येतं, आणि एक टोक त्याच्या भावाने धरायचं असतं. एरवी दार या भिंतीला टेकलेलं असतं. आज दिसणार नाही. माझा थोरला भाऊ प्रेद्राग थंडीत मेंढरांमागे घाटात गेला आणि हिमलोटाखाली गाडला गेला, अजून तिथेच आहे. गाव म्हणतं, अजून थांब, सगळं बर्फ वितळू दे. मी सकाळीच खेचराला जुंपून दार पायथ्याशी नेऊन ठेवलंय. पुढे खेचर चढत नाही. दुसरं टोक धरायला त्या सुताराच्या घराण्यातला ल्यूबा येतोय, कुरकुरतच.

तुम्ही आत जाऊन मेणबत्ती लावा. मी निघतो.