घुशीचा युक्तिवाद

त्या राज्यात कायदा सगळ्यांसाठी होता, पण वाचता यायचा तो फक्त बगळ्यांना. बाकीच्यांना तो निकाल लागल्यावर कळायचा.

पुढे राजाने नवी न्यायशाळा काढली. प्रत्येक जातीचा एक विद्यार्थी घ्यायचा, असे फर्मान निघाले. त्याप्रमाणे एक कासव, एक साळिंदर आणि एक घूस आली. बगळे आणि कोल्हे मात्र कितीही चालत. पाहुणे आले की या तिघांना पहिल्या रांगेत बसवत. पाहुण्यांची पाठ वळली की तिघे पुन्हा मागे.

घुशीचे नाव भामा. तिची वस्ती नदीकाठच्या बांधात होती आणि तोच काठ मगरींना ऊन खायला हवा होता. खटला दरबारात पडून होता. निघताना माय म्हणाली होती, "भामे, नीट शिक बाई. बीळ गेलं तर ही पिल्लं घिऊन कुठं जायाचं?"

या शाळेत नुसते पाठांतर नव्हते. दरबारातले खरे खटले सरावाला घ्यायचे आणि कुणी कुठल्या बाजूने बोलायचे ते चिठ्ठी उचलून ठरवायचे. भामाने आपण होऊन वस्तीचा खटला मागितला. चार हुशार डोकी त्यावर चालतील, काहीतरी वाट निघेल, असा तिचा भाबडा हिशेब. चिठ्ठी निघाली मगरींच्या बाजूची.

"गुरुजी, मला ही बाजू नको," ती म्हणाली. "माझी आई राहते तिथं."

"वकिलाला आई नसते," बगळा डोळे न उघडता म्हणाला. "आणि हा सराव आहे, सराव. झेपत नसेल तर सांग. घुशीला घेऊ नका म्हणणारे कमी नव्हते."

हे तिच्या वर्मी लागले. मग ती बोलायला उभी राहिली, आणि काय बोलली! कुठले बीळ बांधाच्या पोटात किती खोल जाते, उंबराचे कुठले मूळ कुणी कुरतडले, पुरात बांध आधी कुठे खचेल, सगळे तिने मांडले. हे बगळ्यांच्या सात पिढ्यांना कळले नसते. कोल्ह्यांनी टाळ्या पिटल्या, सरकून तिला शेजारी जागा दिली. खोटे कशाला बोला, त्या दिवशी भामाला आभाळ ठेंगणे झाले होते.

सुट्टीत ती घरी आली, त्याच सकाळी दरबाराचा पोपट बांधावर येऊन बसला आणि हुकूम वाचू लागला. न्यायाधीशांना सवड नव्हती. त्यांनी शाळेतला सर्वांत चांगला युक्तिवाद मागवून त्याखाली निकाल लिहिला होता: काठ मगरींचा. पोपटाने दोन्ही वाचले. वस्तीत रडारड सुरू झाली. जो तो पिल्ले उचलू लागला.

मायने तोंडातले पिल्लू खाली ठेवले.

"गप ऱ्हावा रं जरा. उंबराच्या मुळाचं बगळ्याला कुठनं ठावं? ह्ये आपल्यातल्या शिकल्यालीनं लिवलंय." ती लेकीकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "भामे, तू गं? दरबारात तुझं बोलणं वाचत्यात?"

मगरी काठ चढू लागल्या होत्या.

"पोपटदादा," माय म्हणाली, "माझ्या लेकीचं तेवढं पुन्यांदा वाचा की."