दार कोणी लावायचं

"आणि तो आत येऊच शकला नाही, तर?"

घैसास सरांनी विचारलं. नुसत्या दोराच्या आधारानं यानाबाहेर तरंगून आलेल्या पहिल्या काही माणसांपैकी ते एक. आता नव्या अंतराळवीरांना शिकवत.

त्यांच्या घरी समोर बसलेला निरंजन वाळिंबे. पोरगा हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक. त्याचा मित्र फारूक यानाबाहेर पडणार होता. आत त्याचा सोबती कोण, हे सरांनी ठरवायचं होतं.

"मी दार लावणार नाही, सर. मित्राला टाकून परतणाऱ्यांतला मी नव्हे."

"दार उघडं ठेवून पृथ्वीवर उतरता येत नाही. दोघंही जळून जाल."

"जळू. पण सोबत."

हे म्हणताना त्याची मान जरा ताठ झाली.

सर उठले, अनवाणीच बाहेर अंगणात गेले.

"आतून कडी लाव. मी हाक मारेपर्यंत उघडायचं नाही."

निरंजननं कडी लावली आणि खिडकीशी उभा राहिला. मे महिन्यातली दुपार. फरशी तव्यासारखी तापलेली. सत्तरी ओलांडलेला म्हातारा एक पाय उचली, मग दुसरा. हाक मात्र मारीना.

निरंजनचा हात दोनदा कडीकडे जाऊन परत आला. शेवटी त्यानं कडी काढली.

"मी हाक मारली?"

"तुमचे पाय भाजत होते, सर!"

"भाजत होते."

सर आत येऊन बसले. तळवे लालबुंद झाले होते. निरंजननं तांब्याभर पाणी आणून त्यांच्या पायांवर ओतलं. त्यांनी ओतू दिलं.

"फारूकच्या सोबतीची जागा दुसऱ्याला देतोय," ते हळूच म्हणाले.

निरंजनचे डोळे भरून आले.

"म्हणजे माणसाला जीव लावला, ही माझी चूक?"

सर ओले तळवे पुसू लागले.

"सांगा ना, सर."

"यानाबाहेर, पोकळीत माझा पोशाख पुरीसारखा टम्म फुगला होता. दारातून आत शिरता येईना. एकच उपाय... पोशाखातली हवा सोडायची. ज्या हवेवर श्वास चालला होता, तीच. थोडी जास्त सुटली असती, तर संपलंच."

"आत कोण होतं?"

"विनायक. माझा जिवलग. निघण्याआधीच तोंडावर म्हणाला होता, 'तू अडकलास, तर मी दार लावीन.'"

"असं म्हणाला? आणि तरी त्यालाच नेलंत?"

सर आपल्या बोटांकडे पाहत राहिले.

"तो तसं म्हणाला होता, मी संपलो तरी तो परतणार होता, म्हणून तर... हवा सोडताना माझा हात थरथरला नाही."