बियांसकट कापलेलं गवत

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. एका टेकाडाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात देवीचं लहानसं देऊळ. देवळाच्या दारावर वर्षभर एक कडं टांगलेलं असे. सोन्याचं नव्हे, चांदीचंही नव्हे. टेकाडावरचं वाळलं गवत गोल वळून, त्यात कुरडूचे सुकलेले गुलाबी तुरे खोवून केलेलं.

ते कडं करायचा मान एका घरच्या थोरल्या सुनेचा होता. हात असा, की तिनं वळलेला वेढा वर्षभर सुटत नसे. जीभ मात्र विचारू नका! गवत नीट धरलं नाही म्हणून मदतीला आलेल्या बायांना ती असं फाडून खाई, की पुढच्या वर्षी त्या फिरकत नसत.

शेवटी गुरवानं सांगून टाकलं, "बाई, यंदाचं कडं तुझी धाकटी जाऊ करील. तुझ्या हातात देवी आहे, पण तोंडात विस्तव. एक वर्ष जरा दम खा."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिनं भांडी आदळली, दार आपटलं, समोर आलेल्या मांजरालाही सोडलं नाही. "काल आलेली पोर! हिला साधा वेढा वळता येत नाही, आणि ही देवीचं कडं करणार! करू दे. कशाचं करते तेच बघते."

आता त्या गवताची एक रीत होती. ते दरवर्षी बियांतूनच उगवे. म्हणून कापलेली पेंढी आधी वरच दगडावर झोडायची, बी टेकाडावर सांडू द्यायचं आणि मगच गवत खाली आणायचं. सासूनं हे थोरलीला शिकवलं होतं आणि तिनं ते कधी चुकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती विळा घेऊन वर चढली आणि कापतच सुटली. हाताला फोड आले तरी थांबली नाही. आठवडाभर राबून तिनं एकटीनं सगळं टेकाड भादरून टाकलं. पेंढी झोडायला तिनं हात उचललाही होता. पण मनात आलं, बी सांडलं तर पुढच्या वर्षी गवत येणार, आणि पुन्हा धाकटीच कडं करणार. तिनं सगळं गवत बियांसकट खाली आणलं आणि आपल्या गोठ्यात रचलं.

तुम्ही म्हणाल, रागात भान राहिलं नसेल. अहो, चांगलं भान होतं! समजून-उमजून केलं. फक्त त्याच टेकाडावर आपल्याही गायी जगतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

धाकटी आली, तर टेकाडावर नुसते खुंट. ती तशीच थोरलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "जाऊबाई, माझ्यावर राग होता तर मला चार शिव्या द्यायच्या. माझ्या गायींनी तुमचं काय घोडं मारलं होतं? त्यांनी आता खायचं काय?"

"जा, विचार त्या गुरवाला!" थोरली कडाडली.

धाकटीनं गायी माहेरी धाडल्या. मग देवळातून उतरवलेलं गेल्या वर्षीचं कडं मागून घेतलं. पाणी शिंपडून मऊ केलं, सैल वेढे आवळले, नवे तुरे खोवले आणि तेच पुन्हा दारावर टांगलं. लोक वाहवा करू लागले. थोरलीचा नुसता जळफळाट झाला. वेढे तिचे आणि नाव धाकटीचं!

तिनं त्याच्या दुप्पट मोठं कडं करून आपल्या दारावर लावलं. भरगच्च, देखणं. पण बी झोडलेलं नव्हतं ना! चिमण्यांनी दाणे टिपता टिपता वेढे उसवले. उरलेलं उंदरांनी कुरतडलं. थोरली फडकं घेऊन ओरडत धावायची, चिमण्या उडायच्या आणि परत येऊन बसायच्या. थोड्याच दिवसांत दारावर चार काड्या लोंबत राहिल्या.

पुढच्या वर्षीचा पाऊस पडून गेला. गुरव आपणहून थोरलीकडे आला. "बाई, जुनं कडं आता पार झडलं. धाकटीच म्हणाली, ते वेढे जाऊबाईंचे होते, मान त्यांनाच द्या. यंदा तूच कर."

मान दारात चालून आला होता. थोरली विळा घेऊन घाईघाईनं टेकाडावर चढली. टेकाड उघडंबोडकं होतं, कड्यापुरतंसुद्धा गवत नव्हतं. खाली तिच्या गायी रिकाम्या गोठ्यात हंबरत होत्या. धाकटीच्या गायी माहेरच्या कुरणात पोटभर चरत होत्या. थोरलीला भयंकर संताप आला. पण तो काढायचा कोणावर? टेकाडावर तिच्याशिवाय कोणीच नव्हतं. तिनं विळा भिरकावून दिला आणि खाली बसून ती ढसाढसा रडली.

त्या वर्षी देवीचं दार ओकंबोकं राहिलं आणि थोरलीला आपल्या गायी बाजारात नेऊन विकाव्या लागल्या.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात धरा: दुसऱ्याला मिळू नये म्हणून जो बी अडवतो, त्याचं स्वतःचंही काही उगवत नाही.